पहिला गेमिंग पीसी, ५५ हजारांत : कशात वाचवू आणि कशात नको?

कृष्णाकाठ | ६ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. मी कराडची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं आठवी-नववीच्या शिकवण्या घेतल्या, थोडे आईने घातले, असे ५५ हजार जमलेत. त्यातून स्वतःच्या हाताने गेमिंग पीसी जोडायचाय. आजवर कॅबिनेटचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ रोजचे, आणि एल्डन रिंग एकदा तरी नीट खेळायचीय. भावाच्या लॅपटॉपवर ती सेकंदाला वीस-पंचवीस फ्रेमवर अडखळत चालते. मॉनिटर धरून ५५. कीबोर्ड-माउस घरात आहेत.

इथल्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी २८ हजारांत ‘आय७ गेमिंग पीसी’ असं कागदावर लिहून दिलं : आय७-३७७०, नवा एच६१ मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, जीटी ७३० हे ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट. बाबा म्हणतात, आय७ आहे आणि निम्म्यात होतंय, तर घेऊन टाक. मला काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाहीये.

मुळामुठा | ६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

बरं वाटलं की घ्यायच्या आधी विचारलंस. आय७ हे नुसतं आडनाव आहे. खरी ओळख पुढच्या आकड्यात असते. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, २०१२ साल. बारा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, त्यामुळे तिथेही हा अधिकृतपणे बसत नाही. आजचा चार कोअरचा साधा आय३-१२१००एफ गेममध्ये त्याला आरामात मागे टाकतो.

जीटी ७३० तर २०१४ चं कार्ड. ‘४ जीबी’ हा आकडा ग्राहकाला दाखवायला छान असतो, पण मेमरी किती यापेक्षा चिप कोणती हे आधी बघायचं. त्या कार्डाची चिप इतकी लहान आहे की ४ जीबी भरेल असं दृश्य तिला ओढतच नाही. एल्डन रिंग यावर खेळण्याजोगी चालणार नाही. बाबांना हे दोन मुद्दे शांतपणे सांग. पैसे वाचवायचा त्यांचा विचार बरोबरच आहे, फक्त हे २८ हजार वाचत नाहीत, जातात.

रातकिडा | ६ ऑक्टोबर, रात्री ११:४८

वरच्याशी सहमत. ५५ मध्ये मॉनिटर धरूनही छान मशीन होतं. माझा हिशेब सोपा आहे : गेमिंगच्या बजेटचा सगळ्यात मोठा घास ग्राफिक्स कार्डाला. आज या पैशात आरएक्स ६६०० घे. ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, एकच ८ पिनची वायर, आणि १०८०पीवर, म्हणजे फुल एचडी मॉनिटरवर, जवळपास सगळं चालतं. एल्डन रिंग ६० फ्रेमच्या वर जातच नाही, ती गेमचीच मर्यादा आहे, त्यामुळे तिथे मोठ्या कार्डाची गरज नाही.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, कूलर खोक्यातच मिळतो. वेगळा कूलर घेऊ नकोस.

जुनं आरएक्स ५८० आठ-नऊ हजारांत मिळतंय म्हणून मोहात पडू नकोस. ते २०१७ चं कार्ड. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि चोवीस तास राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यातलं कुठलं किती राबलंय हे बाहेरून ओळखता येत नाही. ज्याला कार्ड उघडून चिपची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट बदलता येते त्याने घ्यावं, पहिल्या बिल्डमध्ये नको.

माजघर | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मध्येच विचारते, क्षमस्व. माझी मुलगी दहावीला आहे, तिलाही हाच छंद. आमचं बजेट मॉनिटरसकट ३५ च्या पुढे जात नाही. ग्राफिक्स कार्डाशिवाय काही होतं का?

मुळामुठा | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

माजघर ताई, होतं. रायझन ५ ५६००जी घ्या, त्यात ग्राफिक्स आतच आहे. व्हॅलोरंटसारखे हलके गेम त्यावर नीट चालतात. फक्त रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्याच घ्या, १६ ची एक नको. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, आणि दोन पट्ट्या असल्या की तिचा रस्ता दुप्पट रुंद होतो. या एका गोष्टीने फ्रेममध्ये डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो.

पण सहा महिन्यांत कार्ड घ्यायचा विचार पक्का असेल तर थांबा आणि साधा ५६०० घ्या. ५६००जी मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२. कार्ड लावलं की तो फरक दिसतो.

वायरमन | ७ ऑक्टोबर, दुपारी २:४०

मला गेममधलं काही कळत नाही, पण तीस वर्षं घरांचं वायरिंग केलंय, म्हणून दोन गोष्टी बोलतो.

एक, पॉवर सप्लाय. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा ‘४५० वॉट’ वापरू नका. त्याच्या अंगावरचं स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. मी असे डबे पाहिलेत की वर ४५० छापलंय आणि १२ व्होल्टला १५ अँपिअर. म्हणजे १८० वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. चांगल्या ५५० वॉटच्या सप्लायवर ४० च्या वर अँपिअर असतात. हा भाग बिघडला की एकटा जात नाही, शेजाऱ्यांना घेऊन जातो.

दुसरी, अर्थिंग. कृष्णाकाठ ताई, घर जुनं आहे का? जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट बसवलेलं असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. अशा ठिकाणी पीसी लावला की कॅबिनेटला हात लावताना मुंग्या येतात. लोक म्हणतात, मशीन शॉक मारतंय. मशीनचा दोष नसतो. सप्लायच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो आणि त्याने अर्थमधून निघून जावं अशी रचना असते. अर्थ नसला की तो तिथेच थांबतो आणि तुमच्या बोटांतून वाट काढतो. जवळच्या वायरमनला बोलवा, मीटरने मोजायला सांगा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. स्वतः सॉकेटमध्ये काही घालू नका. आणि टू-पिनचा अडॅप्टर लावून काम भागवू नका.

कृष्णाकाठ | ७ ऑक्टोबर, रात्री ८:५५

काका, घर आजोबांनी बांधलेलं, साठीच्या आसपासचं. तुमचं वाचून उद्याच माणूस बोलावते. पीसीच्या बजेटमध्ये अर्थिंगचा खर्च मी धरलाच नव्हता.

बाबांना ३७७० चं साल सांगितलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले, दुकानदाराने हे का नाही सांगितलं. आता तेही धागा वाचतायत.

बोर्डाबद्दल विचारायचंय. ए५२० पाच हजारांत मिळतो, बी५५० आठच्या पुढे. तीन हजार वाचवू का?

रातकिडा | ७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मी बी५५० म्हणेन. पीसीआयई ४.० (बोर्ड आणि कार्डामधला वेगवान रस्ता) मिळतं, पुढे मोठा प्रोसेसर टाकता येतो, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर हीटसिंक असतात.

मुळामुठा | ७ ऑक्टोबर, रात्री १०:१०

इथे माझं मत वेगळं. ए५२० वर पीसीआयई ३.० मिळतं हे खरं. पण ते कुठे नडतं? आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या चार लेनच्या कार्डाला जबर नडतं. ६६०० ला आठ लेन आहेत, त्याला फरक पडतो तो थोडका. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर पळवणं, तिला करायचं नाही. ६५ वॉटचा ५६०० साध्या बोर्डावर निवांत चालतो. एएम४, म्हणजे ५६०० ज्यात बसतो ते सॉकेट, आता आयुष्याच्या उताराला आहे, ‘पुढे टाकता येईल’ यासाठी आज तीन हजार बांधून ठेवण्यात अर्थ नाही. तेच तीन हजार पॉवर सप्लाय आणि मॉनिटरमध्ये घाल, ते पुढच्या बिल्डमध्येही सोबत येतात.

एवढं विचार की बोर्डाचं बायोस, म्हणजे त्यातलं मूळ सॉफ्टवेअर, ५६०० ओळखतं ना. ए५२० बोर्ड २०२० पासूनचे आहेत, प्रोसेसर एप्रिल २०२२ चा. जुना माल असेल तर दुकानातच अपडेट करून घे.

रातकिडा | ७ ऑक्टोबर, रात्री १०:२५

लेनचा मुद्दा पटला. या बजेटला ए५२० चालेल.

कृष्णाकाठ | २० ऑक्टोबर, दुपारी १२:१५

काल पुण्याला जाऊन आले. एसटीने स्वारगेट, तिथून नव्या मेट्रोने मंडई, आणि चालत तपकीर गल्ली. बाबा बरोबर होते. दिवाळीची गर्दी, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायला खांद्याने वाट काढावी लागत होती. चार ठिकाणी एकच यादी दाखवली. एका ठिकाणी ‘हा सप्लाय कशाला, कॅबिनेटबरोबर देतो ना’ म्हणाले. बाबांनी त्या डब्याचं स्टिकर बघायला मागितलं. १२ व्होल्टला १६ अँपिअर. बाबांनी मनातच गुणाकार केला, १९२ म्हणाले, आणि डबा परत काउंटरवर ठेवला. माझ्या बाबांना मी असं पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी असं जमलं : ५६०० ला १०,२००, ए५२० बोर्ड ५,०००, ८-८ ची डीडीआर४ ३२०० रॅम ३,४००, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी २,९००, आरएक्स ६६०० ला १९,५००, ५५० वॉट ब्राँझ सप्लाय ४,०००, जाळीच्या तोंडाचं तीन पंख्यांचं कॅबिनेट २,९००, आणि २४ इंची १०० हर्ट्झचा मॉनिटर ८,०००. एकूण ५५,९००. वरचे नऊशे बाबांनी दिले. सगळं जीएसटी बिलावर, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घेतला.

घरात अर्थिंग नव्हतंच, काका. तिसऱ्या भोकामागे खरोखर वायर नव्हती. मागच्या अंगणात खड्डा घेऊन नवीन केलं. आता न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट येतं.

वायरमन | २० ऑक्टोबर, दुपारी १:०५

उत्तम. आता घरातला फ्रिज आणि गीझरही सुरक्षित झाला. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

कृष्णाकाठ | २० ऑक्टोबर, रात्री ११:४०

जोडला, पण डिस्प्ले येत नाहीये. सविस्तर लिहिते, म्हणजे कुठे चुकलं ते तुम्हाला कळेल.

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला. सॉकेटची बारीक दांडी उचलली, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला आणि नुसता सोडला. १,३३१ पिना, आणि एकही न अडता आत गेला. दांडी खाली. मग कूलर. इथे अर्धा तास गेला. सॉकेटच्या दोन्ही बाजूंना काळे प्लॅस्टिकचे ब्रॅकेट होते आणि कूलरला तर चार स्प्रिंगचे स्क्रू. ते बसेचनात. शेवटी कळलं की या कूलरला ब्रॅकेट काढून टाकावे लागतात आणि ते काढले की बोर्डामागची लोखंडी पट्टी सुटून खाली पडते. आईने ती मागून हाताने धरली, मी वरून स्क्रू फिरवले. एक थोडा, मग समोरचा तिरका थोडा, असे चारही हळूहळू. पेस्ट कूलरला आधीच लावलेली होती.

रॅमच्या दोन्ही पट्ट्या टक्क आवाज येईपर्यंत दाबल्या. एसएसडी तिरकी घालून, आडवी करून स्क्रूने बसवली. बोर्ड कॅबिनेटमध्ये, तो ज्यांवर टेकतो ते पितळी स्टँडऑफ मोजून. डाव्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिन वायर आधीच ओढून घेतली होती, कार्डाची ८ पिनही लावलीय. बटण दाबलं, सगळे पंखे फिरतात, दिवे लागतात, कार्डाचा पंखा थोडा फिरून थांबतो. मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. हात थरथरतायत. १९,५०० चं कार्ड गेलं असेल का?

रातकिडा | २० ऑक्टोबर, रात्री ११:४६

कार्ड गेलेलं नाही, ६६०० चे पंखे कमी तापमानाला थांबतातच. मॉनिटरची केबल कुठे लावलीयस? कॅबिनेटमागे वर, यूएसबीच्या शेजारी, की खाली आडव्या पट्टीत?

कृष्णाकाठ | २० ऑक्टोबर, रात्री ११:५२

वर. यूएसबीच्या शेजारी एचडीएमआय आहे तिथे.

रातकिडा | २० ऑक्टोबर, रात्री ११:५३

तो बोर्डाचा एचडीएमआय. ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, म्हणून त्या भोकातून काही येणारच नाही. पीसी बंद कर, केबल खाली कार्डात लाव, मग चालू करून दोन मिनिटं थांब. पहिल्या वेळी बोर्ड रॅमची ओळख करून घेतो, त्याला वेळ लागतो. मध्येच बंद करू नकोस.

कृष्णाकाठ | २१ ऑक्टोबर, रात्री १२:०४

आला. बायोस उघडलं. ‘एएमडी रायझन ५ ५६००’ असं स्क्रीनवर लिहून आलंय आणि आई-बाबा दोघंही जागे आहेत.

मुळामुठा | २१ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

मनापासून अभिनंदन. आता तीन गोष्टी कर, नाहीतर विकत घेतलेलं निम्मं वापरातच येत नाही.

विंडोज टाकल्यावर टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघ. ३२०० ऐवजी २४०० किंवा २६६६ दिसेल. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाचं प्रोफाइल आहे, ते चालू कर. मग डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जा, मॉनिटर ६० हर्ट्झवर पडून असेल, तो १०० वर आण. आणि व्हॅलोरंट खेळायचंय म्हणून विंडोज ११ वर बायोसमधली एफटीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन्ही सेटिंग चालू ठेव. त्याशिवाय त्यांची अँटी-चीट प्रणाली गेम उघडू देत नाही.

कृष्णाकाठ | २७ ऑक्टोबर, रात्री १०:३०

रॅम खरंच २४०० वर होती. मॉनिटरही ६० वर. दोन्ही बदलले. १०० हर्ट्झवर नुसता माउसचा बाण फिरवला तरी फरक कळतो.

एल्डन रिंग हाय सेटिंगवर बहुतेक वेळ ६० ला टिकते. लिमग्रेव्हच्या उघड्या माळावर पहिल्यांदा घोडा पळवला. गवताची पाती वेगवेगळी हलताना दिसली. लॅपटॉपवर ते सगळं हिरवं धुकं होतं. प्रोसेसर खेळताना ७४-७६ अंशांपर्यंत जातो, त्याची मर्यादा ९० आहे, म्हणजे उन्हाळ्यात थोडा वर गेला तरी काळजी नाही.

इथे लाइट दिवसातून दोनदा तरी जाते. यूपीएस कोणता घेऊ?

वायरमन | २७ ऑक्टोबर, रात्री ११:००

६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे ३६० वॉट. तुमचं मशीन आणि मॉनिटर मिळून खेळताना तीनशेच्या आसपास खेचत असेल. चालेल, पण अगदी काठावर. १००० व्हीए घ्या. दहा मिनिटं मिळाली की गेम सेव्ह करून बंद करता येतं, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

रातकिडा | २८ ऑक्टोबर, दुपारी १:२०

दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने धूळ काढ. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, हवेने गरगर फिरू देऊ नकोस, बेअरिंग जातं. जाळीचं तोंड असल्यामुळे धूळ आधी तिथेच अडकेल.

नवखा_लातूर | १४ डिसेंबर २०२५, रात्री ८:१०

जुना धागा वर काढतोय. ताईंचीच यादी घेऊन निघालो होतो. बाकीचं जमतंय, पण ३,४०० ची रॅम आता त्या पैशात कुठेच नाही. दुकानदार म्हणतो, अजून वाढेल, आजच घ्या. घाबरवतोय की खरंच तसं आहे?

मुळामुठा | १४ डिसेंबर २०२५, रात्री ९:००

यात तो खोटं बोलत नाही. या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जगभर रॅम महागली. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागतेय, आणि कारखान्यांनी आपली ताकद तिकडे वळवली. नव्या पिढीच्या डीडीआर५ बरोबर आपली जुनी डीडीआर४ ही वर गेली.

नवं मशीन डीडीआर५ वर नेऊ नकोस, एएम४ वरच राहा. रॅम वापरलेली घेतली तर चालते, तिच्यात झिजणारं काही नसतं. ओळखीत कुणी मशीन बदलत असेल तर त्याची ८-८ ची जोडी माग. घरी आणल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालव, एकही लाल ओळ आली तर परत कर. तेही नाही मिळालं तर आज ८ ची एक पट्टी घेऊन सुरुवात कर. पैसे कमी पडले म्हणून पॉवर सप्लायमधून मात्र काढू नकोस.

कृष्णाकाठ | १४ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

माझं मशीन वर्षभर एकदाही अडलं नाही. मागच्या महिन्यात मी फक्त १ टीबीची एसएसडी वाढवली. लातूरकर, जोडताना अडलात तर रात्री कितीही वाजता इथे लिहा, मला त्या वीस मिनिटांत काय वाटलं होतं ते अजून आठवतंय. घर जुनं आहे का तुमचं?

नवखा_लातूर | १५ डिसेंबर २०२५, सकाळी ७:५०

वाड्यातलं आहे. वायरमन काकांचं वाचून कालच मोजून घेतलं. न्यूट्रल-अर्थ ३८ व्होल्ट.

वायरमन | १५ डिसेंबर २०२५, सकाळी ८:०५

रॅम थांबू द्या. आधी अर्थिंग करा.